डाव्या हाताची भिंत

इटलीच्या दक्षिणेला, पांतेल्लेरियावर विमान उतरवणं वैमानिकाच्या हातात नसतं, वाऱ्याच्या मर्जीत असतं. त्या शनिवारी वाऱ्याची मर्जी बरी होती. निन्फाचे सात पाहुणे दुसऱ्याच घिरटीला खाली आले, आणि उतरल्या उतरल्या त्यांतल्या एकाने विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?"

"सगळ्या," निन्फा म्हणाली. "बेट आहे ना. आधी बॅगा उचला."

चौदा वर्षं ती हेच करत होती. वसंतात काही आठवडे, द्राक्षं उतरल्यावर काही आठवडे. शनिवारी पाहुणे घ्यायचे, सात दिवस त्यांना डोंगर, वाफेच्या गुहा, खारवून खायच्या केपर-कळ्यांचे मळे, तळ्याकाठचा गरम चिखल असं सगळं पायी दाखवायचं आणि पुढच्या शनिवारी त्याच धावपट्टीवर सोडून यायचं. जीभ तिखट, पाय बकरीचे. पहिल्या दिवशी पाहुण्यांना ती खडूस वाटे, आणि सातव्या दिवशी तेच पाहुणे तिच्या गळ्यात पडून रडत. हा आपला गुण नाही, वाऱ्याचा आहे, असं ती म्हणे.

या खेपेला मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाहुणे परत जायचे त्याच शनिवारी तिचा बार्तोलोकाका आपली बाग विकणार होता.

बाग म्हणजे एक झाड. बेटावर बाग म्हटलं की एकच झाड असतं, आणि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस आत शिरून "बाकीची कुठे आहेत?" असं विचारतो. इथल्या वाऱ्यात उघड्यावर लावलेलं संत्रं वर वाढतच नाही, जमिनीवर सरपटतं. म्हणून जुन्या लोकांनी एकेका झाडाभोवती काळ्या दगडाची गोल भिंत घातली, दीड पुरुष उंच. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. वर आभाळ मोकळं, आणि आत शिरायला कमरेत वाकायला लावणारं एवढंसं दार. कित्येकांच्या घराला नसेल इतकी देखणी भिंत झाडाला असे. एका झाडासाठी एवढी उस्तवार करणाऱ्या माणसांपुढे ज्याची मान आपसूक झुकत नाही त्याच्यासाठीच ते दार ठेंगणं ठेवलंय, असं निन्फा पाहुण्यांना सांगायची, आणि ते सांगताना तिची जीभ नेहमीइतकी तिखट नसायची.

काकाची बाग त्याच्या आजोबाने घातलेली. आणि काका स्वतः बेटावरचा अव्वल भिंतकरी, आता ब्याऐंशीचा. डोळ्यांचा आतला पडदा गेला होता. उजेड आणि सावली तेवढी कळायची. फेब्रुवारीच्या पावसात समुद्राकडच्या बाजूची भिंत छातीपासून वर, वावभर रुंदीची, ढासळली. त्या खिंडारातून खारा वारा आत घुसला आणि त्या बाजूचा सगळा मोहर करपून तपकिरी झाला. काकाला मुलगा नाही, पुतणे मुख्य भूमीवर नोकरीला.

"जी भिंत मला उभी करता येत नाही ती माझी नव्हे," तो म्हणाला, आणि मिलानोच्या एका दातांच्या डॉक्टरला त्याने शब्द दिला. डॉक्टर तिथे पोहण्याचा हौद असलेलं घर बांधणार होता, आणि बागेत अंघोळीचा फवारा लावणार होता.

"संत्र्याला रोजचं पाणी तरी मिळेल," काका म्हणाला. त्यावर निन्फा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

भिंत आपल्याला घालता आली असती, हे तिला माहीत होतं. ती कोणाला सांगत नव्हती, एवढंच. वडील लवकर गेले, ती काकाच्या हाताखाली दगड पोचवत वाढली. अकरा वर्षांची असताना तिने गुपचूप बकऱ्यांच्या गोठ्यामागे तीन थरांची भिंत घातली आणि कौतुकाच्या आशेने काकाला हाताला धरून नेलं. काकाने भिंत पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या हाताने?"

तिने डावा हात पुढे केला. काकाने एक शब्द न बोलता तिन्ही थर उतरवून टाकले. मग म्हणाला, "डाव्या हाताची भिंत म्हणजे वाऱ्याची न्याहारी." तेव्हापासून तिने दगड फक्त पोचवले. तेही उजव्या हाताने.

बुधवारी पाहुणे बागेपाशी आले. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच होतं, त्यामुळे टाळता येईना. काका झाडाखाली द्राक्षांचं खोकं पालथं घालून बसला होता. सातही जण वाकून आत आले. बाहेर वारा कानात शिट्ट्या घालत होता. आज तो खिंडाराच्या बाजूचा नव्हता, त्यामुळे आत पान हलत नव्हतं. उरलेल्या मोहराचा वास भिंतीच्या आत तुंबून राहिला होता. बाकीची झाडं कुठे आहेत, असं या खेपेला कोणी विचारलं नाही. निन्फाला हे पाहुणे तिथेच आवडले.

त्यांच्यात बेर्गामोचा एक निवृत्त इंजिनिअर होता, जेर्वाझो. दांडगा, लालबुंद, मोठ्या आवाजाचा. त्याने खिंडाराकडे बोट दाखवलं. "हे परत का नाही बांधत?"

"बांधा की," काका म्हणाला. "कोण अडवतंय?"

"मी चाळीस वर्षं पूल बांधलेत, मिस्त्री."

"या हातांनी?"

जेर्वाझोने आपल्या हातांकडे पाहिलं. "कागदावर."

"मग जा, कागद घेऊन या. दगड त्याच्यावर ठेवू."

सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने जेर्वाझोच हसला. पण तो हटला नाही. "आणि बांधली तर?"

काकाने खिंडाराच्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहिली, तर शनिवारी दातवाल्याला आल्या विमानाने परत पाठवीन. उभी म्हणजे माझ्या बोटांना पटली पाहिजे. इंजिनिअरच्या नाही."

निन्फाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. काका गंमतीत शब्द देत नसे.

"नियम दोनच," काका पुढे म्हणाला. "दोन दगडांवर एक, एका दगडावर दोन. आणि हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. प्रत्येक दगडाची जागा असते. ती सापडेपर्यंत तो तुमचा."

तोरिनोची ओत्ताविया नावाची एक बाई मागे उभी होती. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेली, शिस्तीची, बोलणं कमी. तिच्या हातात एक वेडावाकडा, नाकाड्या दगड होता. "मी नुसता बघायला उचलला होता," ती म्हणाली.

"आता तुमचा झाला," काका म्हणाला.

बाईने ते शब्दशः घेतलं. दगड मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. रात्रीच्या जेवणाला बटाटे, कांदा आणि केपरच्या कोशिंबिरीच्या ताटाशेजारी तिने तो ठेवला, पण एक हात त्याच्यावरून काढला नाही, कारण पूर्ण ठेवला तर नियम मोडला असता. वाढप्याने दगडाकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "यांना काय आणू?"

गुरुवारी होडीतून बेटाला फेरी होती. पाच जण निन्फाच्या मावसभावाबरोबर होडीवर गेले. जेर्वाझो आणि ओत्ताविया बागेत आले. सकाळभर जेर्वाझोने दगड बसवले. काका बोटाच्या टोकाने दगडाला नुसता स्पर्श करी आणि म्हणे, "काढ." जेर्वाझो काढी. फिरवून पुन्हा लावी. "काढ." नऊ खेपा झाल्या, नऊदा दगड निघाला. दहाव्या खेपेला काका काही बोलायच्या आतच जेर्वाझोने तो स्वतः काढला.

"शिकतोयस," काका म्हणाला. बारा वाजता तो जेवून झोपायला गेला.

जेर्वाझो घाम पुसत खाली बसला. "पूल सोपे होते," तो म्हणाला.

निन्फा खिंडारापाशी उभी होती. करपलेला मोहर तिच्या केसांवर गळत होता. पाहुण्यांपुढे असं काही करायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण डावा हात तिचं ठरवणं विचारात घेईना. तिने एक दगड उचलला, मनगटात एकदा फिरवला आणि बसवला. फटीत दोन कपच्या ठोकल्या. दुसरा उचलला. एकतीस वर्षं नुसतं पाहिलेलं सगळं हातात तयार होऊन बसलं होतं. जेर्वाझोला नऊ खेपांत साधलं नाही ते निन्फाच्या डाव्या हातचा मळ निघालं. दोन तासांत दोन थर वर आले.

"अहो," जेर्वाझो म्हणाला, "तुम्ही आम्हाला डोंगर काय दाखवत फिरताय?"

पाहण्यासारखंच होतं ते. ओत्तावियाने आयुष्यात पुष्कळ सर्जन पाहिले होते. ती नाकाड्या दगड छातीशी धरून तशीच एकटक बघत राहिली.

काका झोपून उठून आला. त्याने भिंतीवर बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा. "कोणी बसवले हे?"

निन्फाने जेर्वाझोच्या पायावर पाय दिला, नालाच्या बुटाचा. 

"मी!" जेर्वाझो कळवळून म्हणाला.

"जेवल्यावर हात उघडला म्हणायचा तुझा. काय खाल्लंस?"

"ताजं चीज आणि पाव."

"रोज खा."

मग उरलेला दिवस आणि शुक्रवारची सकाळ एक नाटकच झालं. काका खोक्यावर बसून सूचना करी, दगड निन्फा बसवी, आणि दर दगडाला शेजारी उभा राहून जेर्वाझो कण्हे. "हुंऽ... आई गं... बसला!" कधी कधी निन्फाचा दगड केव्हाच बसलेला असे आणि हा अजून कण्हतच असे. मग ओत्ताविया खोकल्याचं सोंग करून बाहेर पळे.

"कण्हतो जास्त," काका म्हणे, "पण हात बघ त्याचा! परका माणूस, सपाटीवरचा, आणि हात असा. आपल्या बेटावर असे हात उरलेच नाहीत."

हे निन्फाला लागलं.  कौतुक तिचंच चाललं होतं, तिच्या तोंडावर, आणि ते बेर्गामोच्या खात्यात जात होतं. अकराव्या वर्षी जे ऐकायला ती काकाला गोठ्यामागे घेऊन गेली होती, ते आता दर दगडाला ऐकू येत होतं आणि तिला "मी, मी, काका" म्हणता येत नव्हतं.

ओत्तावियाने तिला बाजूला गाठलं. "सांगून का टाकत नाही?"

"पाडेल."

"ही पण? उद्या तो डॉक्टर येणार असताना?"

"ही पण. भिंतीपुढे तो नातं बघत नाही," निन्फा म्हणाली. मग म्हणाली, "म्हणूनच त्याच्या भिंती साठ-साठ वर्षं उभ्या आहेत. खोटं कशाला बोलू? मला त्याचा राग येतो, पण त्याच्यासारखा दुसरा भिंतकरी मी पाहिला नाही."

शुक्रवारी दुपारनंतर दक्षिणेचा गरम वारा सुटला. बाहेर वेली जमिनीला चिकटल्या. बागेत ज्योत हलली नसती. फिरून आलेले बाकीचे पाच जणही वाकून आत आले आणि झाडाभोवती उभे राहिले. वरचा थर जुन्या भिंतीला मिळाला होता. त्याच्या खाली एकच जागा उरली होती, नारळाएवढी.

ओत्ताविया पुढे झाली. तिने नाकाड्या दगड त्या जागेशी धरून पाहिला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसली. "याची जागा सापडली."

"आण," काका म्हणाला. "शेवटचा मी लावतो."

दोघा पाहुण्यांनी त्याला खोक्यावर चढवलं. त्याने दगड हातात घेऊन चाचपला, नाकावरून बोट फिरवलं, आणि बसवायला गेला. बसेना. त्याने दगड फिरवला. बसेना. तिसऱ्यांदा नाक अडकलं.

"बेर्गामो, तू ये."

जेर्वाझो आला. कण्हायचंही विसरला. त्याच्याही हाताने दगड आत जाईना. बसणार हे डोळ्यांना दिसत होतं, आणि बसत नव्हता.

काकाने दगड परत घेऊन काखेत धरला. मोकळ्या हाताची बोटं त्याने त्या जागेत घातली आणि आतल्या कपच्या एकेक मोजल्यासारख्या चाचपल्या. त्याचा चेहरा बदलला.

"बेर्गामो, तू दारूचा ग्लास कुठल्या हातात धरतोस?"

"उजव्या."

"वाटलंच. रोज जेवताना त्याच बाजूने आपटतोस माझ्या ग्लासावर." काकाने मान वळवली. "निन्फा."

"हां, काका."

"कुठल्या हाताने?"

तोच प्रश्न, तोच आवाज. सात पाहुण्यांसमोर बेचाळीस वर्षांची निन्फा पुन्हा अकरा वर्षांची झाली. जेर्वाझोने बोलायला तोंड उघडलं, ओत्तावियाने त्याचा दंड दाबला.

"डाव्या," निन्फा म्हणाली.

आता तो वरचा पहिला दगड काढेल, मग दुसरा. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात वर गेला, पण नव्या भिंतीवर थांबला नाही. तिथून सरकून तो बाजूच्या जुन्या भिंतीवर गेला. काका खोक्यावरून खाली उतरला. भिंतीवरून हात न काढता, बोटं फटीफटीत घालत, तो झाडाभोवती चालू लागला. पाहुणे वाट देत मागे सरले. पूर्ण गोल फेरी घालून तो पुन्हा खिंडाराच्या जागी आला.

"माझा आजोबा डावखुरा होता," तो म्हणाला. "शाळेत पाद्रीबुवांनी त्याचा हात दोरीने बांधून ठेवला होता म्हणे. घरात कोणी ते बोलत नसे. सगळी भिंत डाव्या हाताची आहे, निन्फा. दारापासून दारापर्यंत. कपची न् कपची डावीकडून मारलेली. डोळे होते तोवर मला दिसलं नाही."

त्याने तळवा नव्या तुकड्यावर टेकला.

"आणि पडला तो तुकडा आजोबाचा नव्हताच. बावीस वर्षांचा होतो, आजोबा गेला त्याच वर्षी मी तो उतरवून नव्याने घातला. उजव्या हाताने. शहाणपणा! फेब्रुवारीत पडलं ते माझं ठिगळ. गावभर सांगत सुटलो, आजोबाची भिंत पडली म्हणून. आजोबाची भिंत कशाला पडेल?"

त्याने काखेतला दगड पुढे केला.  "लाव."

निन्फाने डाव्या हाताने तो घेतला आणि डावीकडून आत सरकवला. खटकन आवाज झाला, जुन्या दाराची कडी बसावी तसा. काकाने बोट टेकवलं, दाबलं, ढकललं. मग सगळा खांदा लावून ढकललं.

"पटली," तो म्हणाला.

जेर्वाझोने सवयीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि मग सगळेच हसले. निन्फा हसता हसता रडली, आणि तिने ते लपवलं नाही. रडायला पाहुण्यांचा सातवा दिवस राखून ठेवलेला असतो. या खेपेला ती त्यांच्या एक दिवस आधी रडली.

शनिवारी वाऱ्याने विमानाला तीन घिरट्या घालायला लावल्या. पाहुणे कुंपणापाशी निन्फाच्या गळ्यात पडले. ओत्ताविया मोकळे हात कुठे ठेवावेत ते न कळून ते सारखी खिशात घालत आणि काढत होती. विमानातून दातांचा डॉक्टर उतरला, पांढऱ्या पॅंटमध्ये, बगलेत कागदांची फाईल. काका निन्फाचा हात धरून थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"डॉक्टर, आलात तसे परत जावं लागेल. फुकट फेरी झाली असं वाटत असेल तर माझे दात तपासा. बाग नाही मिळायची."

"पण तुम्हीच म्हणाला होता," डॉक्टर म्हणाला, "भिंत घालणारं कोणी उरलं नाही!"

"चुकलो होतो," काका म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून निन्फाने जन्मात ऐकला नव्हता.

गाडीत काका खिडकीबाहेर हात काढून वारा चाचपत बसला होता. गावाचं वळण आलं तेव्हा म्हणाला, "घरी नको वळवू."

"मग कुठे?"

"गोठ्याकडे. किती थर होते तुझे? तीन ना?"

निन्फाने गाडी हळू केली. "तीन."

"चल तर. तू लाव," काका म्हणाला. "दगड मी पोचवतो."